टाकी रिकामी होण्याआधी : घर तापवणाऱ्या तेलाची एकत्र खरेदी



आज बोलायचं आहे रॉकेलवर. हो, तेच रॉकेल. कुणी घासलेट म्हणतं, कुणी मातीचं तेल. रेशनच्या रांगेत डबा ठेवून जागा धरायची, आणि डबा पुढे सरकवायला घरातल्या लहान पोराला उभं करायचं, ही आठवण तुमच्यापैकी पुष्कळांना असेल, मग तुम्ही नागपूरला वाढलेले असा, बडोद्याला, इंदूरला किंवा हैदराबादला. रॉकेल हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आला आणि घासलेट ‘गॅसलाइट’वरून, असं सांगतात. म्हणजे दोन्ही नावं परदेशी, आणि दोन्ही आपल्या तोंडात इतकी मुरलेली की आजी-पणजीचीच वाटावीत.

आपल्याकडे हे तेल स्टोव्हसाठी आणि कंदिलासाठी. पण जगाच्या थंड भागात लाखो घरं अशी आहेत, जी याच तेलावर सगळा हिवाळा काढतात. इंग्लंडमधल्या खेड्यांत आणि आयर्लंडमध्ये घराच्या मागच्या अंगणात हजारेक लिटरची टाकी असते. त्यात रॉकेल भरलेलं. तिथून बारीक नळी बॉयलरला जाते, बॉयलर पाणी तापवतो, आणि ते पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी पट्ट्यांतून फिरतं. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या न्यू इंग्लंड भागात, टाकी बहुधा तळघरात असते. तिथलं तेल जरा जड, जवळजवळ डिझेलच. त्यावर रस्त्यावरच्या वाहनांचा कर नसतो, म्हणून ते कुणी गाडीत भरू नये यासाठी त्यात लाल रंग मिसळतात. लडाखमध्ये नोकरी केलेल्या आपल्या जवानांना हे फार समजावून सांगायला नको. बुखारी विझली की काय होतं, ते त्यांना ठाऊक आहे.

तर प्रश्न असा आहे. हे तेल विकत घ्यायचं कुणी, आणि कसं?

विजेचं बिल येतं तसं याचं बिल येत नाही. गॅसच्या नळासारखा नळ नाही. टाकी भरायची तर टँकर बोलवावा लागतो. इंग्लंडात बहुतेक विक्रेते ५०० लिटरपेक्षा कमी तेल आणून देत नाहीत, कारण तेवढ्यासाठी मोठी गाडी खेड्यात आणणं परवडत नाही. म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर एकरकमी मोठे पैसे हातात हवेत. आणि टाकी अगदी कोरडी होऊ दिली, तर तळाचा गाळ नळीत ओढला जातो, नळीत हवा अडकते, आणि नुसतं तेल भरून भागत नाही, मेकॅनिकही बोलवावा लागतो. आता कल्पना करा. बाहेर बर्फ पडतोय, टाकीच्या काट्यानं तळ गाठलाय, घरात म्हातारं माणूस आहे. तुम्ही विक्रेत्याला फोन लावता. तुम्ही काय घासाघीस करणार? तो जो भाव सांगेल, तो भाव.

आजची सगळी गोष्ट या एका फोनची आहे. तो फोन एकट्यानं करायचा की चाळीस घरांनी मिळून, आणि जानेवारीत करायचा की सप्टेंबरमध्ये.

ही युक्ती तेलापेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये शेकोटी कोळशाची. श्रीमंत माणूस उन्हाळ्यात स्वस्ताईच्या दिवसांत गाडाभर कोळसा घेऊन ठेवायचा. मजूर तो हिवाळ्यात, लागेल तसा, थोडा थोडा घ्यायचा. आणि थोडा घेणाऱ्याला तो नेहमी महाग पडतो. वाण्याकडे पावशेर घेणारा आणि पोतं घेणारा यांच्या भावात जो फरक, तोच. यावर उपाय म्हणून गावोगाव ‘कोल क्लब’ निघाले. आठवड्याला काही पेन्स जमा करायचे, बहुतेक वेळा चर्चच्या पाद्र्याकडे, आणि थंडी पडली की त्या पैशांतून एकदम घेतलेला कोळसा वाटून घ्यायचा. भिशीच म्हणा ना! फक्त शेवटी हातात नोटा नाहीत, कोळसा.

त्याच काळात मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावात २८ जणांची नावं एकत्र आली. २८ पौंडांचं भांडवल जमवून त्यांनी एक दुकान काढलं. सहकाराचा इतिहास शिकवताना हे उदाहरण हमखास येतं, म्हणून मी त्यावर रेंगाळत नाही. पण दोन गोष्टी पाहा. दुकान उघडलं ती तारीख होती २१ डिसेंबर १८४४, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीची वेळ. आणि पहिल्या दिवशी विकायला काय होतं? पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. पोटासोबत उजेडाचीही सोय पहिल्याच दिवशी होती.

पुढे खनिज तेल आलं आणि ही कल्पना तेलाला चिकटली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या कॉटनवुड गावच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये आपली तेल कंपनी काढली. त्या देशातली ती पहिली सहकारी तेल कंपनी समजली जाते. त्यांना घर तापवायचं नव्हतं, ट्रॅक्टर चालवायचे होते. कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये तर शेतकऱ्यांच्या सहकारी गटांनी १९३४ साली, महामंदीच्या ऐन भरात, रिजायना शहरात स्वतःचा तेलशुद्धीकरण कारखानाच उभारायला घेतला आणि १९३५ मध्ये तो चालू केला. पिकाला भाव नाही, पाऊस नाही, अशा वर्षांत. आपल्याकडे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची गोष्ट पुढच्या पिढ्यांनी जशी सांगितली, तशी ती गोष्ट तिकडे सांगतात.

आता घराकडे येऊ.

न्यू इंग्लंडमध्ये तेलाचे बॉयलर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यायला लागले. कोळशाचं काम म्हणजे पहाटे उठा, भट्टी खडखडवा, राख उचला. तेलाला फक्त एक बटण. पण दुसऱ्या महायुद्धानं पहिला इशारा दिला. टेक्सासचं तेल समुद्रमार्गे जहाजांनी वर यायचं, आणि १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी ही जहाजं एकामागून एक बुडवायला सुरुवात केली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात ईशान्य अमेरिकेत घरगुती तेलाचं रेशनिंग झालं. अमेरिकेत, रेशनकार्डावर घर तापवायचं तेल! ज्यांना शक्य आहे त्यांनी पुन्हा कोळशाकडे वळावं, असं सरकारनं सांगितलं. ‘बिग इंच’ नावाची टेक्सासहून येणारी प्रचंड पाइपलाइन १९४३ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

युद्ध संपलं आणि लोक हे विसरले. ते अगदी स्वाभाविक होतं, कारण तेल इतकं स्वस्त झालं की विचार करायची गरजच उरली नाही. भिंतींत उष्णता धरून ठेवणारा थर घालायचीसुद्धा गरज कुणाला वाटली नाही. १९७०च्या सुमाराला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास घरगुती तेल, वीसेक सेंटला मिळत होतं. घरमालकाला आपल्या विक्रेत्याचा भाव विचारायचीही सवय नव्हती. तेल आपोआप यायचं. कसं? ही पद्धत सांगण्यासारखी आहे. विक्रेत्याकडे प्रत्येक घराचा हिशेब असायचा. रोजच्या तापमानावरून तो अंदाज बांधायचा की अमुक घरानं इतक्या दिवसांत अमुक तेल जाळलं असेल. टाकी पाव भागावर आली असेल असं वाटलं की गाडी पाठवायचा. मालक घरी नसला तरी नळी लावून तेल भरून, पावती दारात अडकवून गाडी निघून जायची. रतिबाचं दूध जसं. सोय उत्तम, पण रतिबाच्या दुधाचा भाव आपण रोज विचारत नाही, हीही गोष्ट खरीच.

ऑक्टोबर १९७३. अरब-इस्रायल युद्ध, आणि अरब देशांची तेलबंदी. तीन डॉलरच्या आसपासचं कच्च्या तेलाचं पिंप जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. हा आकडा आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो आणि पान उलटतो. बोस्टनच्या तीन मजली लाकडी घरात भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबाला तो तळघरातल्या टाकीत वाचावा लागला. त्यातून सावरतात न सावरतात तोच १९७९ मध्ये इराणची क्रांती. १९८१ पर्यंत तेच वीसेक सेंटचं गॅलन एक डॉलरच्या वर गेलं होतं. दहा वर्षांत पाचपट! दरम्यान १९७७ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर अंगात लोकरी स्वेटर घालून टीव्हीवर बसले आणि म्हणाले, दिवसा घराचं तापमान ६५ अंश फॅरनहाइटवर ठेवा, रात्री ५५ वर. ५५ म्हणजे आपले १३ अंश सेल्सिअस. महाबळेश्वरच्या पहाटेत झोपा, असं सांगण्यासारखं. लोकांनी त्या स्वेटरची खूप थट्टा केली.

इथे एक क्षण आपल्याकडे येतो, कारण दशक तेच आहे. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी केली आणि लाटणी घेऊन मोर्चे काढले. धान्य, तेल, साखर, रॉकेल, सगळ्याचीच टंचाई होती. मग १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिनं दुसरा रस्ता धरला. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ, महिन्याची एकत्र यादी, घाऊक खरेदी, आणि कुणा सभासदाच्या घरी वाटप. आजही मुंबई-ठाण्याकडच्या अनेक घरांत ती यादी भरली जाते. मोर्चा आणि यादी, हे महागाईला दिलेले दोन वेगळे जबाब आहेत, आणि एकमेकांचे विरोधकही नाहीत. रॉकेल मात्र त्या यादीत बसणारं नव्हतं, कारण आपल्याकडे त्याचा भाव सरकार ठरवायचं. घासाघीस करायला जागाच नव्हती. फक्त रांग होती.

अमेरिकेत उलट. भाव मोकळा, रांग नाही, म्हणून यादीला वाव होता.

१९७९ मध्ये बोस्टनला ‘सिटिझन्स एनर्जी’ नावाची ना-नफा कंपनी निघाली. काढणारे होते जोसेफ केनेडी दुसरे, रॉबर्ट केनेडींचे थोरले चिरंजीव. त्यांची पद्धत वरून खाली येणारी. कच्च्या तेलाच्या व्यापारात स्वतः उतरायचं, आणि त्यातल्या नफ्यातून गरिबांना घरगुती तेल स्वस्तात द्यायचं. याच संस्थेमार्फत २००५ नंतर व्हेनेझुएलाच्या मालकीच्या सिटगो कंपनीचं सवलतीचं तेल मॅसॅच्युसेट्समधल्या गरीब घरांत पोचलं. ह्यूगो चावेझ आणि वॉशिंग्टन एकमेकांना शिव्या देत होते, आणि बोस्टनच्या तळघरात तेल येत होतं. इतिहासात असे विनोद फार होतात.

दुसरी पद्धत खालून वर जाणारी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या राज्यांत ग्राहकांचे तेलगट बनू लागले. वर्षाला थोडी वर्गणी द्यायची, गटाच्या वतीनं कुणीतरी विक्रेत्यांशी करार करायचा. गट स्वतः टँकर घेत नाही, तेलाचा साठा करत नाही. तेल नेहमीचाच विक्रेता आणतो, बॉयलरची सेवाही तोच देतो. बदलतो तो फक्त भाव, आणि भाव ठरवायची रीत.

ही रीत नीट समजून घ्या, कारण खरी अक्कल इथे आहे. घरापर्यंत येणाऱ्या तेलाच्या किमतीत तीन तुकडे असतात. एक, बंदरावरचा घाऊक भाव, जो जग ठरवतं. दोन, गाडीचा खर्च. तीन, विक्रेत्याचा नफा. पहिल्या तुकड्याला गट हात लावू शकत नाही. चाळीस घरं सोडा, चाळीस हजार घरांनी ठरवलं तरी न्यूयॉर्क बंदरातला भाव हलत नाही. दुसऱ्याला थोडा हात लागतो. एकाच गल्लीत, एकाच दिवशी सात घरं भरायची असतील तर गाडीचे मैल वाचतात. आणि तिसऱ्याला चांगलाच हात लागतो, पण एका अटीवर. सवलत छापील भावावर मागायची नाही.

दुकानदार दीडशेची चिठ्ठी लावून साडीवर वीस टक्के सूट देतो आणि शंभरची साडी एकशेवीसला विकतो, हे आपण लक्ष्मी रोडवर, दादरला, सराफ्यात सगळीकडे पाहिलेलं आहे. तेलाचंही तेच. ‘आमच्या भावावर दहा सेंट सूट’ याला काही अर्थ नाही, कारण ‘आमचा भाव’ विक्रेत्याच्या हातात. म्हणून जाणत्या गटांनी करारात लिहून घेतलं की त्या दिवशीचा बंदरावरचा घाऊक भाव, अधिक ठरलेला फरक. घाऊक भाव छापून येतो, कुणीही पडताळू शकतो. फरक वर्षभर तोच. भाव चढला तर चढला, पण त्या चढण्याच्या आडून विक्रेत्याला आपला फरक वाढवता येत नाही. अर्ध्या ओळीचं कलम, पण बर्फात केलेल्या त्या फोनची लाचारी त्यानं बरीच कमी केली.

इंग्लंडच्या खेड्यांतली पद्धत आणखी साधी. तिला ते ‘सिंडिकेट’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द काळ्या धंद्याचा वाटतो, पण प्रत्यक्षात एखादी निवृत्त शिक्षिका किंवा ग्रामसमितीचा कारकून असं कुणीतरी असतं. महिन्याचा एक दिवस ठरलेला. ज्याला तेल हवं त्यानं त्या दिवसाआधी लिटर कळवायचे. बेरीज करायची, चार-पाच विक्रेत्यांना विचारायचं, स्वस्त असेल त्याला मागणी द्यायची. पैसे मात्र जमा करायचे नाहीत, प्रत्येकानं विक्रेत्याला परस्पर द्यायचे. हा शेवटचा नियम कुणी काढला माहीत नाही, पण तो माणूस शहाणा असला पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी पतपेढ्या आणि सोसायट्या कुठे घसरल्या ते आठवा. पैसे जिथे साठतात तिथे. इथे साठवायला पैसेच नाहीत, फक्त यादी आहे.

आता प्रामाणिक हिशेब. समजा वीस घरांनी प्रत्येकी ५०० लिटर मागवलं, म्हणजे १०,००० लिटर. लिटरमागे तीन पेन्स कमी मिळाले. घरटी बचत किती? पंधरा पौंड. एवढ्यासाठी एवढा खटाटोप? मला वाटतं गटाचे पुरस्कर्ते इथे थोडी चूक करतात. ते बचतीची जाहिरात करतात, आणि बचत कधी बरी असते, कधी नगण्य. गटाचा मोठा उपयोग वेगळाच आहे. तो वेळेची शिस्त लावतो. महिन्याचा दिवस ठरलेला असला की माणूस सप्टेंबरमध्येच टाकीकडे बघतो. ‘यंदा घेणार ना?’ असं शेजारी विचारतो, म्हणून बघतो.

ही शिस्त नसली तर काय होतं, त्याची दोन उदाहरणं. जानेवारी २०००. न्यू इंग्लंडमध्ये अचानक कडाका पडला. साठे आधीच कमी, बंदरं गोठू लागली. तीनेक आठवड्यांत घरगुती तेल गॅलनला एक डॉलर वीस सेंटच्या आसपासून जवळजवळ दोन डॉलरवर गेलं. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनं ईशान्येसाठी २० लाख पिंपांचा खास घरगुती तेलाचा राखीव साठा तयार केला. म्हणजे सगळ्या देशानं मिळून एक मोठी टाकी भरून ठेवली.

दुसरं उदाहरण डिसेंबर २०१० चं, ब्रिटनमधलं. शंभर वर्षांतला सगळ्यात थंड डिसेंबर. रस्ते बर्फानं बंद, टँकर अडकलेले, आणि महिन्याभरात लिटरचा भाव चाळीसएक पेन्सांवरून सत्तरच्या घरात. लोक इतके संतापले की पुढच्या वर्षी सरकारी व्यापार-चौकशी खात्याला या बाजाराची पाहणी करावी लागली. त्यानंतर इंग्लंडात गावोगावच्या तेलगटांना बहर आला. संकट ओसरल्यावर यादी सुचते, आधी नाही. माणसाचा स्वभाव, दुसरं काय.

पण गट म्हणजे जादू नाही, आणि गटाच्या नावावर लोक फसलेही आहेत. सगळ्यात मोठा धडा २००८ चा. त्या जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं. घरगुती तेल गॅलनला चार डॉलरच्या वर. घबराट अशी की ‘आत्ताच हिवाळ्याचा भाव बांधून घ्या, नाहीतर पाच होईल’. हजारो घरांनी भाव बांधून घेतला, कुणी एकट्यानं, कुणी गटामार्फत. आणि मग बँका कोसळल्या, मागणी कोसळली, डिसेंबरात पिंप चाळीस डॉलरच्याही खाली. शेजारी रोजच्या भावानं अडीच डॉलरच्या आसपास तेल घेतोय, आणि तुम्ही करारानं बांधलेले, चार-साडेचार देताय. चाळीस घरांनी मिळून केलेली चूक एकट्याच्या चुकीपेक्षा लहान नसते. उलट जास्त बोचते, कारण रोज रस्त्यात भेटणाऱ्या माणसाच्या सल्ल्यानं ती झालेली असते.

भाव बांधण्यात आणखी एक खड्डा. विक्रेता उन्हाळ्यात तुमचे पैसे आगाऊ घेतो, पण त्या पैशांचं तेल खरंच आरक्षित करतो का? नसेल केलं आणि भाव चढला, तर तो बुडतो आणि तुमचे पैसे घेऊन बुडतो. असे प्रकार घडले, म्हणून मेन आणि कनेटिकटसारख्या राज्यांनी कायदा केला की आगाऊ पैसे घेणाऱ्या विक्रेत्यानं त्यामागे वायदा-करार किंवा हमी दाखवलीच पाहिजे. तिथे राहणारी आपली मराठी मंडळी हे ऐकत असतील तर करारपत्रात ती ओळ शोधावी. वाचायला दोन मिनिटं लागतात.

आता मला ज्या ठिकाणी यायचं होतं तिथे येतो. उत्तर आयर्लंड. तिथे तीन घरांतली जवळजवळ दोन घरं तेलावर तापतात. पश्चिम युरोपात इतकं प्रमाण क्वचितच सापडेल. कारण इतिहासात आहे. ब्रिटनला उत्तर समुद्राचा नैसर्गिक गॅस सापडला तेव्हा तो नळानं आयरिश समुद्र ओलांडून इकडे आला नाही. कोळशापासून होणारा जुना गॅसधंदा १९८०च्या दशकात बंद पडला, आणि स्कॉटलंडहून समुद्राखालची पाइपलाइन आली ती थेट १९९६ मध्ये. मधल्या काळात लोकांनी काय करायचं? अंगणात टाकी बसवली.

आणि ज्याच्याकडे एकदम पाचशे लिटरचे पैसे नाहीत, तो काय करतो? तो पेट्रोलपंपावर जातो आणि वीस लिटरचा प्लॅस्टिकचा डबा विकत घेतो. घरी येऊन नरसाळ्यानं टाकीत ओततो. दोन-तीन दिवस निघतात, मग पुन्हा पंप. लिटरमागे हा डबा टँकरच्या तेलापेक्षा महाग. कोळशाची पाटी घेणाऱ्या मजुराला जे द्यावं लागायचं, तेच हा डबेवाला दीडशे वर्षांनी देतोय. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे, त्याला सगळ्यात चढा भाव.

तेलगटाची खरी परीक्षा इथे होते. ज्याच्याकडे पाचशे लिटरचे पैसे आहेत त्याला गट पंधरा पौंड वाचवून देतो, छान आहे. पण ज्याच्याकडे ते पैसेच नाहीत त्याला यादीत घेता येतं का? तिथल्या सरकारी गृहनिर्माण संस्थेनं, हाउसिंग एक्झिक्युटिव्हनं, गेल्या दशकात मुद्दाम वस्त्यांमधून तेल खरेदीचे क्लब उभे केले. स्थानिक परिषदांनी तिकिटांची योजना चालवली. पाच पौंडांचं एक तिकीट कोपऱ्यावरच्या दुकानात घ्यायचं, कार्डावर चिकटवायचं, कार्ड भरलं की विक्रेत्याला द्यायचं. पाद्र्याकडे पेन्स साठवणारा तो कोल क्लबच, नव्या कागदावर.

मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाल्यानंतरच्या आठवड्यांत, ब्रिटन-आयर्लंडमध्ये रॉकेल लिटरला एक पौंडाच्या वर गेलं. पाचशे लिटर म्हणजे पाचशे पौंडांहून जास्त, एका फेरीत. वीज आणि गॅसच्या दरांवर तिथल्या नियामकाची कमाल मर्यादा होती. तेलावर नव्हती, कारण तेल ‘मोकळ्या बाजाराचं’. ब्रिटिश सरकारनं तेलावरच्या घरांना आधी १०० पौंड जाहीर केले, मग नोव्हेंबरात ते दुप्पट केले. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांना ते २०० पौंड २०२३ च्या फेब्रुवारीत, विजेच्या खात्यात मिळाले. हिवाळा तोवर बराचसा उलटला होता. उत्तर आयर्लंडमध्ये ते वीज-मदतीसह एकत्र ६०० पौंड होऊन जानेवारीपासून वाटले गेले, काहींना पोस्टात वटवायच्या कागदावर.

२०० पौंडांत, एका पौंडाच्या भावानं, २०० लिटर तेल येतं. टँकरची किमान मागणी ५०० लिटर. हाउसिंग एक्झिक्युटिव्हच्या क्लबांनी विक्रेत्यांशी जे ठरवून घेतलं होतं, त्यात भावाइतकीच महत्त्वाची एक गोष्ट होती. एका वस्तीतल्या पुष्कळ घरांची मागणी एकाच दिवशी असेल, तर २०० लिटरसारख्या लहान मागणीलाही गाडी थांबेल.